डोंगराच्या दारी: शहरी बोगदे आणि स्थापत्याचा वारसा



स्थापत्याच्या सर्व प्रकारांत बोगदा हा प्रकार असा चमत्कारिक आहे की त्याला बाहेरची बाजूच नाही. वाडा असो, देऊळ असो, पूल असो वा धरण असो, त्याच्याभोवती फिरून, दुरून न्याहाळून, सकाळच्या उन्हात आणि संध्याकाळच्या सावलीत पाहून आपण त्याच्या रूपाविषयी काही मत बनवू शकतो. बोगद्याला मात्र डोंगराने किंवा समुद्राने सर्वांगांनी कवटाळलेले असते, आणि ज्याला त्याचे रूप म्हणावे ते दोन टोकांच्या दोन तोंडांपुरतेच काय ते उरते. शहरातील रस्त्यांच्या बोगद्यांना स्थानिक वारशाचे रूप द्यावे, असा आग्रह अलीकडे वारंवार ऐकू येतो. आग्रह धरणाऱ्यांच्या हेतूविषयी पूर्ण आदर बाळगूनही मला एक प्रश्न विचारावासा वाटतो, तो असा की हे रूप द्यावयाचे ते नेमके कोठे?

माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना ते पटणार नाही त्यांना पुढचा तासभर माझ्याशी मनातल्या मनात वाद घालण्याची सोय होईल. पूर्वजांची नक्षी उचलून बोगद्याच्या तोंडाला लावणे सोपे आहे आणि बहुधा निरुपयोगी आहे. त्याच पूर्वजांनी दगड, उजेड, वारा आणि पाणी यांच्याशी जो व्यवहार केला तो समजून घेणे कठीण आहे, परंतु बोगदा बांधणाराला खरा उपयोग होतो तो त्याचाच.

मुंबईचे उदाहरण आपणां सर्वांच्या परिचयाचे आहे. गिरगाव चौपाटीच्या बाजूने मलबार टेकडीच्या पोटात शिरून प्रियदर्शिनी उद्यानापाशी पुन्हा उजेडात येणारे किनारी रस्त्याचे जुळे बोगदे प्रत्येकी २.०७ किलोमीटर लांबीचे असून २०२४ साली ते रहदारीला खुले झाले. ज्या यंत्राने ते खोदले त्याचा व्यास १२.१९ मीटर होता आणि त्याचे नाव ‘मावळा’ असे ठेवलेले होते. नाव ठेवणाराला मी मनापासून दाद देतो; डोंगरातून वाट काढणे हे मावळ्याचे पिढीजात काम. परंतु दाद देऊन झाल्यावर लक्षात येते ते हे की, ताशी ६० किलोमीटरच्या मर्यादेत राहून हा बोगदा ओलांडावयास दोन मिनिटांच्या आसपास वेळ लागतो, आणि त्या दोन मिनिटांत मोटार हाकणाऱ्या गृहस्थाची दृष्टी पुढच्या गाडीच्या लाल दिव्यांवर खिळलेली असते, किंबहुना ती तशी खिळलेली असावी अशीच कायद्याची अपेक्षा आहे. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा मीटर. भिंतीवर दहा मीटर रुंदीचे एखादे चित्र काढले तर ते डोळ्यांपुढून अर्ध्या सेकंदाहून थोड्या अधिक काळात निघून जाते. इतक्या अवकाशात आपण ओळखीच्या माणसाला रामरामसुद्धा करू शकत नाही.

दिल्लीच्या प्रगती मैदानाखालचा बोगदा या दृष्टीने अभ्यासण्यासारखा आहे. २०२२ च्या जून महिन्यात त्याचे उद्घाटन झाले. मुख्य बोगदा सुमारे १.३ किलोमीटर लांबीचा असून त्याच्या दोन्ही भिंतींवर भारतीय ऋतूंची आणि लोकजीवनाची भव्य चित्रे योजलेली आहेत. रंग उत्तम आहेत, योजना खर्चिक आहे, आणि करणारांनी ती श्रद्धेने केली आहे यात शंका नाही. गंमत अशी की खुद्द उद्घाटनाच्या भाषणातच पंतप्रधानांनी अशी सूचना केली की, रविवारी काही तास वाहने बंद ठेवून शाळेतील मुलांना आणि पादचाऱ्यांना ही चित्रे पाहू द्यावीत. सूचना रसिकतेची होती. पण तिच्यात एक कबुलीही दडलेली आहे. ज्या भिंतींवरील चित्रे पाहण्यासाठी रस्ता बंद करावा लागतो, त्या भिंती रस्त्याच्या नव्हेत, चित्रशाळेच्या होत. आणि चित्रशाळा बांधावयाची असेल तर तिला धूर आणि कर्कश आवाज यांचे शेजारपण देण्याचे कारण काय?

तोंडाशी नक्षी लावण्याची ही हौस आजची नव्हे. इंग्लंडात आगगाडीचे पहिले बोगदे झाले तेव्हा डोंगराच्या पोटात शिरण्याचे प्रवाशांना खरोखरच भय वाटे, आणि ते घालवण्यासाठी रेल्वे कंपन्यांनी बोगद्यांच्या तोंडांना परिचित आणि भारदस्त रूपे दिली. यॉर्कशायरमधील ब्रॅमहोप बोगद्याचे उत्तरेकडील तोंड म्हणजे जंग्या, कंगोरे आणि बुरूज यांसह उभा केलेला सरदारी किल्ला आहे. शत्रू कोण, तोफा कोठे, किल्लेदार कोण, हे विचारावयाचे नाही. या तोंडाची हुबेहूब लहान प्रतिकृती जवळच्या ऑटली गावातील चर्चच्या आवारात आहे, आणि ती कोणी हौसेखातर बांधलेली नाही: १८४५ ते १८४९ या काळात बोगदा खोदताना जे मजूर मेले त्यांचे ते स्मारक आहे. खोट्या किल्ल्याला खरे मरण चिकटले, तेव्हा कोठे त्या कंगोऱ्यांना काही अर्थ आला, असे मला ती कथा वाचताना वाटले.

आपल्या बोरघाटातील २५ बोगदे त्यानंतर दहा-पंधरा वर्षांत खोदले गेले आणि १८६३ साली घाट खुला झाला. तेथे किल्ल्यांची नक्कल करण्याची कोणाला फुरसत नव्हती. मक्तेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ साली येथे येताच आजाराने मरण पावला आणि पुढील काम त्याच्या पत्नीने, ॲलिस ट्रेडवेल हिने, मक्त्याची जबाबदारी स्वतःवर घेऊन तडीस नेले. घाटाच्या माथ्यावर लोहगड आणि राजमाची हे खरे किल्ले उभे असताना खाली त्यांची खेळणी बांधण्याची बुद्धी कोणाला झाली नाही, हे आपले भाग्य. आज मात्र ती बुद्धी होण्याची धास्ती वाटते. महाराष्ट्रात कोठेही दरवाजा म्हटला की दोन बुरूज, मध्ये कमान आणि वर भगवा, असा एक साचा तयार झाला आहे, आणि साचा एकदा तयार झाला म्हणजे त्यात मंगल कार्यालयापासून बोगद्यापर्यंत सारेच ओतता येते. रायगडाचा महादरवाजा ज्याने नीट पाहिला आहे त्याला ठाऊक असेल की तो दुरून दिसतच नाही: दोन बुरुजांच्या कवेत, वळणावळणाने चढणाऱ्या वाटेच्या शेवटी, अगदी जवळ गेल्यावर तो एकाएकी समोर येतो, कारण शत्रूला तो दिसू नये हीच बांधणाराची इच्छा होती. ज्या दरवाजाचे सारे कौशल्य लपण्यात आहे त्याची प्रतिकृती अर्ध्या मैलावरून दिसावी अशी उभारणे, हा वारशाचा आदर की त्याचे अज्ञान, हे आपणच ठरवावे.

मग नमुना म्हणून पाहावे असे काही आहे की नाही? आहे, आणि त्यासाठी मी आपल्याला लिव्हरपूल शहरी घेऊन जाणार आहे. मर्सी नदीच्या पात्राखालून लिव्हरपूल आणि बर्कनहेड यांना जोडणारा क्वीन्सवे बोगदा १९२५ साली खोदावयास घेतला आणि १८ जुलै १९३४ रोजी पंचम जॉर्ज बादशहांच्या हस्ते तो खुला झाला. सव्वातीन किलोमीटरांच्या आसपास लांबी, चव्वेचाळीस फूट व्यास, सर बेसिल मॉट यांची अभियांत्रिकी; पाण्याखालून जाणारा त्या काळचा तो जगातील सर्वांत लांब रस्ता होता. या कामात सतरा माणसे दगावली. परंतु माझ्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस म्हणजे हर्बर्ट राउज हा वास्तुविशारद, ज्याच्याकडे बोगद्याची तोंडे, आतील भिंतींची योजना आणि हवेच्या सहा इमारती असे काम आले.

राउजने तोंडाशी पोर्टलंडचा पांढरा दगड लावला. लिव्हरपूलच्या बाजूच्या मुख्य तोंडावर एडमंड टॉम्प्सन या शिल्पकाराने दोन सपक्ष बैल कोरले. वेगवान आणि अवजड अशा दुहेरी रहदारीचे ते प्रतीक. बैलाला पंख असावेत ही कल्पना प्राचीन असिरियाची, लिव्हरपूलची नव्हे. राउजची एकूण शैलीच मिसरच्या वळणाची आहे, आणि त्याचे कारणही उघड आहे: १९२२ साली तुतनखामेनची कबर सापडली आणि पुढील दहा-पंधरा वर्षे सारे युरोप मिसरी नक्षीने भारून गेले. तेव्हा स्थानिक वारशाचा काटा लावला तर हा बोगदा नापासच व्हावयास हवा. तो होत नाही, कारण तोंडाशी काय कोरले याहून राउजने आणखी कशाचा विचार केला हे अधिक महत्त्वाचे आहे. आतील भिंतींच्या खालच्या पट्ट्याला त्याने काळी काच लावली आणि तिला न गंजणाऱ्या पोलादाची चौकट दिली. हा पट्टा धुऊन काढता येई, आणि तो काळा असल्याने चालकाला रस्त्याची कड स्पष्ट दिसे. शोभा आणि उपयोग यांचा असा संगम साधणारा माणूस नक्षीच्या बाबतीत थोडा भरकटला तरी त्याला क्षमा करावी.

त्याची खरी कमाल हवेच्या इमारतींत आहे. बोगदा खुला झाला तेव्हा पेट्रोलच्या विषारी धुराचा प्रश्न नवा होता. न्यूयॉर्कच्या हडसन नदीखालील हॉलंड बोगद्यात, जो १९२७ साली सुरू झाला, चौऱ्याऐंशी पंखे बसवून दर दीड मिनिटाला आतील सारी हवा बदलण्याची तजवीज प्रथम झाली होती. पंखे म्हटले की धुराडी आली, आणि धुराडी म्हटली की ती शहराच्या मधोमध आली. राउजने ती लपवली नाहीत. नदीकाठी, जेथे पूर्वी जॉर्जेस गोदी होती त्या जागी, त्याने पांढऱ्या दगडाची एक उंच इमारत उभारली, तिच्या कोनाड्यांत काळ्या बसाल्टच्या दोन मूर्ती बसवल्या, एक रात्रीची आणि एक दिवसाची, कारण बोगदा दोन्ही वेळा उघडा असतो; आणि दर्शनी भिंतीवर शिरस्त्राण आणि चष्मा घातलेला वेगाचा पुतळा कोरला. लिव्हरपूल हे गोद्यांचे शहर. गोदीची जागा, नदीवरून येणाऱ्या बोटीतून दिसणारी शहराची कडा आणि तिच्यात शोभणारी उंची, हे सारे त्या इमारतीने सांभाळले आहे. १९४१ च्या बाँबवर्षावात तिची मोठी हानी झाली, आणि पुढे दहा वर्षांनी राउजनेच ती पुन्हा उभी केली. तिला शहराचा वारसा म्हणावयास आज तेथे कोणी कां-कूं करणार नाही. त्या काळ्या बसाल्टच्या मूर्तींविषयी वाचले म्हणजे दख्खनच्या माणसाला, ज्याची देवळे, वाडे आणि पायऱ्या याच दगडाच्या आहेत, किंचित घरचे वाटते, एवढे जाता जाता सांगतो.

आता मुंबईकडे परत या. मलबार टेकडीच्या बोगद्याचे दक्षिणेकडील तोंड जेथे उघडते तेथून पुढे मरीन ड्राइव्हची ती वळणदार इमारतींची रांग सुरू होते, जी २०१८ साली व्हिक्टोरियन गॉथिक इमारतींसह जागतिक वारशाच्या यादीत गेली. या इमारती राउजच्या बोगद्याच्या समवयस्क आहेत. त्यांची शैली त्याच घराण्यातली, त्याच काळात बोटीने आलेली. म्हणजे ज्याला आपण आज मुंबईचा वारसा म्हणून मिरवतो तो नव्वद वर्षांपूर्वी उसना माल होता. उसना माल घरचा कसा होतो हे पाहावयाचे असेल तर फोर्टमधील न्यू इंडिया ॲशुरन्सची १९३६ ची इमारत पाहावी. मास्टर, साठे आणि भुता या मंडळींनी ती योजली, आणि तिच्या दर्शनी भागावर शिल्पकार ना. ग. पानसरे यांनी नांगरणारा शेतकरी, कुंभार, सूत कातणारी स्त्री अशी माणसे भव्य आकारात कोरली. चौकट परदेशी, माणसे आपली. परंतु या शिल्पांपुढे पदपथ आहे, तेथे माणूस थांबतो, मान वर करतो. बोगद्याच्या तोंडाशी थांबलेला माणूस म्हणजे अपघात, हे विसरून चालणार नाही.

तेव्हा तोंड हे पाहण्याचे स्थान नसून ओलांडण्याचे स्थान आहे, आणि उंबरठा कसा ओलांडवावा याचे शास्त्र ज्यांना सर्वांत चांगले अवगत होते ते लोक आपल्याच मुलखात होऊन गेले. कार्ल्याला आपणांपैकी बहुतेक जण गेलेले असतील. एकवीरेच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंची नारळ-हारांची दुकाने, कोळी बांधवांच्या पालख्या आणि ढोलांचा गजर, हे सारे ओलांडून आपण देवीच्या देवळापाशी येतो आणि त्याला लागूनच डोंगर कापून काढलेले ते चैत्यगृह उभे असते. पुढे सिंहस्तंभ, त्यामागे दगडाचीच एक पडदी, तिच्या आत ओसरी, जिच्या भिंतींवर हत्ती आणि मिथुने, मग तीन दरवाजे, आणि त्यांच्या वर पिंपळपानाच्या आकाराची ती प्रचंड खिडकी. आत पाऊल टाकेपर्यंत उजेड टप्प्याटप्प्याने कमी झालेला असतो: उघड्या आकाशापासून पडदीच्या सावलीत, सावलीतून ओसरीच्या मंद उजेडात, तेथून दरवाज्याच्या काळोखात, आणि डोळे त्या काळोखाला सरावले न सरावले तोच वरच्या खिडकीतून आलेला उजेड छताच्या लाकडी फासळ्यांवरून, ज्या जवळजवळ दोन हजार वर्षांपूर्वीच्या मूळच्या सागवानी आहेत, दोन्ही अंगांच्या पंधरा-पंधरा खांबांवरून उतरत थेट स्तूपावर पडतो. लेणे पश्चिमाभिमुख आहे, त्यामुळे दुपार कलल्यावर तेथे जावे. शेजारच्या भाज्याला दर्शनी लाकडी पडदा कालौघात नाहीसा झाला आहे. तेथे सारे चैत्यगृह एकदम उघडे पडते, आणि दोन्ही लेणी एकाच दिवशी पाहणाराला कार्ल्याच्या पडदीची किंमत कळते.

आधुनिक बोगद्याच्या अभियंत्याला नेमकी हीच अडचण सतावते. भर उन्हातून येणाऱ्या चालकाला बोगद्याचे तोंड काळे भोक दिसते. आत थांबलेली गाडी त्याला दिसत नाही, कारण प्रखर उजेडाला सरावलेला डोळा अंधाराला सरावण्यास काही काळ घेतो आणि तेवढ्या काळात गाडी शे-दीडशे मीटर पुढे गेलेली असते. यावर उपाय म्हणून दिवसा तोंडाशी अतिशय प्रखर दिवे लावतात, ते आत जाता जाता क्रमाक्रमाने मंद करतात, आणि रात्री उलट तोंडाशीच दिवे कमी ठेवावे लागतात. विजेचा हा खर्च वर्षानुवर्षे चालू राहतो. तोच उजेड तोंडाबाहेर जाळीदार छत घालून, झाडांची सावली धरून, बाहेरच्या भिंतींचा दगड गडद ठेवून, आधीच टप्प्याटप्प्याने उतरवता येतो, आणि जगात काही ठिकाणी तशी छते घातलेलीही आहेत. कार्ल्याची पडदी आणि ओसरी बोगद्याच्या तोंडाशी आणावयाची ती अशी. तिच्यावरचे हत्ती आणू नयेत. तिने उजेडाला जी शिस्त लावली ती आणावी.

येथे थोडे विषयांतर करतो. नेपल्स शहराजवळ रोमन काळातील एक रस्त्याचा बोगदा आहे, पिवळ्या मऊ खडकातून सुमारे सातशे मीटर खोदलेला, ख्रिस्तपूर्व पहिल्या शतकातला. सेनेका या तत्त्ववेत्त्याने एका पत्रात त्यातून केलेल्या प्रवासाची तक्रार लिहून ठेवली आहे: अंधार आणि धूळ, दोन्हींनी जीव नकोसा झाला. तोंडाजवळच व्हर्जिल कवीची समजली जाणारी कबर असल्याने मध्ययुगात लोक म्हणू लागले की हा बोगदा व्हर्जिलने मंत्रसामर्थ्याने एका रात्रीत केला. आपल्याकडे नाशिकच्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात आणि डोंगरातील निम्म्या कोरीव कामांची जबाबदारी पांडवांवर टाकतात; एका रात्रीत, कोंबडा आरवण्याच्या आत. पाथरवटांची मजुरी बुडवण्याची ही रीत दोन्ही मुलखांत सारखीच दिसते.

हवेच्या बाबतीतही आपल्याला लिव्हरपूलकडेच पाहावे लागेल असे नाही. नानासाहेब पेशव्यांच्या अमदानीत, इ. स. १७५० च्या सुमारास, कात्रजच्या तळ्याचे पाणी पुणे शहरात शनिवारवाड्यापर्यंत आणण्यासाठी जमिनीखालून बांधीव नळ घातला गेला, आणि त्यावर ठिकठिकाणी उच्छ्वास ठेवले गेले. हवा खेळती राहावी आणि साफसफाईसाठी माणसाला आत उतरता यावे, अशी दुहेरी सोय त्यांत होती. पुण्याच्या जुन्या पेठांत यांतील काही उच्छ्वास पाहणाऱ्यांना दिसत आले आहेत. ओबडधोबड, चुन्यात बांधलेले, कोणाचीही माफी न मागता रस्त्याच्या कडेला उभे. त्याआधी शंभर-सव्वाशे वर्षे मलिक अंबरने खडकी शहरासाठी जी नहर काढली तिच्यातही दुरुस्तीसाठी अशीच उघडी तोंडे ठेवलेली होती. भूमिगत कामाने जमिनीच्या वर कोठेतरी तोंड काढावेच लागते, आणि जेथे काढावे लागते तेथे ते सरळ, टिकाऊ आणि ओळखू येण्याजोगे असावे, ही या बांधकामांची शिस्त. मलबार टेकडीच्या बोगद्यात साकार्डो पद्धतीने, म्हणजे तोंडाशीच जोराचा वारा आत फुंकून, हवा खेळवली आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील रेल्वे बोगद्यांसाठी निघालेली ही युक्ती आपल्याकडे नवी आहे. पंख्यांची घरे तोंडाजवळ येतात. ती तेथे कशी दिसतात याचा विचार वास्तुविशारदाकडे सोपवणे आवश्यक आहे, आणि त्याला सांगावे की बाबा रे, यावर वारली चित्रे काढू नकोस, याला चांगले प्रमाण दे.

दगडाविषयी मात्र मला एक अप्रिय गोष्ट सांगणे भाग आहे. सह्याद्रीच्या लेण्यांचा वारसा आधुनिक बोगद्याने थेट चालवावा, म्हणजे आतून नैसर्गिक कातळ दिसावा, ही कल्पना मोहक आहे, परंतु यंत्राने खोदलेल्या शहरी बोगद्यात ती शक्य नाही. यंत्र पुढे सरकते तसतशी मागे काँक्रीटच्या घडीव तुकड्यांची कडी बसत जाते. कातळाचे दर्शन फक्त यंत्राच्या पात्यांना होते. शिवाय ते पाते दगडाची भुकटी आणि खपल्या करते, त्यामुळे निघालेल्या दगडातून तोंडासाठी एक घडीव चिरासुद्धा मिळत नाही. ज्यांना डोंगराचाच दगड तोंडाला हवा असेल त्यांनी उघड्या खोदाईच्या टप्प्यातून, जेथे सुरुंगाने किंवा पाचरीने काम होते, चिरे बाजूला काढून ठेवण्याची अट कंत्राटात आधीच घालावी. मागाहून घातलेली अट म्हणजे मागाहून लावलेली फरशी. खपल्यांचे काँक्रीट करून ते तोंडाशी न रंगवता उघडे ठेवावे हा दुसरा मार्ग. मलबार टेकडी एकजिनसी काळ्या पाषाणाची नाही. तिच्यात बसाल्टबरोबर निरनिराळ्या रंगांचे खडक मिसळलेले आहेत, आणि ते रंग काँक्रीटमध्ये उतरले तर कोणत्याही रंगाऱ्याच्या कामाहून अधिक काळ टिकतील.

वारसा थेट बोगदा झाला असे एक शहर मेक्सिकोत आहे. ग्वानाह्वातो हे चांदीच्या खाणींचे, डोंगरातील अरुंद दरीत वसलेले गाव. गावातून वाहणारी नदी वारंवार पुराने थैमान घालीत असल्याने तिचा प्रवाह अखेर दुसरीकडे वळवला गेला, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर तिच्या जुन्या भूमिगत पात्रातून मोटारींचा रस्ता काढला. आज तेथे गाडी जुन्या घरांच्या पायांखालून, दगडी कमानींखालून जाते. पुढे आणखी बोगदे खोदले गेले. खाणकामगारांच्या गावाला ते अवघड वाटण्याचे कारण नव्हते. तेथे कोणी वारशाची प्रतिकृती केली नाही. जे होते त्यातून वाट काढली.

आपल्या किनारी रस्त्यावरही याच जातीची एक गोष्ट घडली आहे, पण तिला कोणी वारसा म्हणाले नाही. वरळीच्या कोळ्यांनी तक्रार केली की पुलाच्या दोन खांबांमधील साठ मीटरांचे अंतर त्यांच्या होड्यांना, भरती-ओहोटीच्या ओढीत आणि वाऱ्यात, अपुरे पडेल. बराच काळ हो-ना झाल्यावर ते अंतर १२० मीटर करण्यात आले. कार्ल्याच्या एकवीरेला पालखी नेणारे हेच लोक. त्यांच्या नावेची वाट मोकळी राहिली, आणि त्यासाठी पोलादाचा हिशेब नव्याने करावा लागला. माझ्या मते त्या संबंध रस्त्यावर स्थानिक परंपरेने मिळवलेले सर्वांत मोठे स्थान हेच आहे, जरी त्यावर एकही शिल्प नसले तरी.

आता एकच मुद्दा राहिला, तो पाण्याचा. ठाणे आणि बोरिवली यांना जोडणारे सुमारे बारा किलोमीटरांच्या मार्गावरील जुळे बोगदे संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगराखालून योजलेले आहेत, आणि त्याच डोंगरात कान्हेरीची शंभराहून अधिक लेणी आहेत. या बोगद्यांच्या तोंडांना कान्हेरीचे रूप द्यावे अशी सूचना पुढे येईलच. ती देणारांना माझी विनंती आहे की त्यांनी आषाढात, पावसाची झड लागलेली असताना, कान्हेरीला जावे. तेथे चैत्याच्या खांबांकडे पाहण्याआधी पायांखाली पाहावे. कातळात कोरलेल्या पायऱ्यांच्या कडेने बोटभर रुंदीच्या पन्हाळी गेल्या आहेत. लेण्याच्या कपाळावरून येणारे पाणी दाराआड न येता त्यांतून बाजूला वळते आणि शेजारच्या पोढीत, म्हणजे कातळातील टाक्यात, साठते. जवळजवळ प्रत्येक लेण्याला पोढी आहे, आणि काही पोढ्यांवर दात्यांच्या नावांचे ब्राह्मी लेखही आहेत. डोंगरावर पडणारे पाणी आपल्या दाराशी येणारच, हे त्या भिक्षूंनी गृहीत धरले, आणि दार कोरण्याआधी पाण्याची वाट कोरली.

बोगद्याचे तोंड हे बहुधा उताराच्या तळाशी असते, आणि मुंबईच्या पावसात तेथे पाणी तुंबले तर आतील दोन मिनिटांच्या वाटेचे दोन तास होतात. आपल्याकडील अंदाजपत्रकात तोंडाचा खर्च बहुधा सुशोभीकरणाच्या सदरात आणि पाण्याचा निचरा किरकोळ बाबींच्या सदरात पडतो; दोन सदरांवर दोन निराळ्या कचेऱ्यांच्या सह्या होतात, आणि त्या सह्या करणारे अधिकारी एकमेकांना क्वचितच भेटतात. ठाणे-बोरिवलीच्या तोंडांशी पन्हाळी रुंद, उघड्या आणि दिसतील अशा असाव्यात, डोंगरावरचे पाणी रस्त्यावर उतरण्याआधी बाजूच्या टाक्यांत जावे आणि ते उद्यानाच्या झाडांना मिळावे, या कामासाठी सुशोभीकरणाच्या सदरातील सारी रक्कम निचऱ्याच्या सदरात वळवावी अशी माझी सूचना आहे, आणि त्यासाठी हिशेबखात्याशी जो पत्रव्यवहार करावा लागेल त्याचा मसुदा मी तयार करून आणला आहे. अध्यक्षमहाराजांची परवानगी असेल तर तो सभेनंतर ज्यांना सही करावयाची असेल त्यांच्यासाठी टेबलावर ठेवतो.